न हलणारा बिंदू

"जमिनीवरचा एखादा न हलणारा बिंदू निवड आणि त्याच्याभोवती तीन गोल मार. अंतर सारखं राहायला हवं," शेजारी बसलेले परीक्षक म्हणाले. वैमानिक होण्याची तिची ही शेवटची परीक्षा होती.

तिने बिंदू घरूनच ठरवून आणला होता. अंगणात खुर्चीवर लाल स्वेटर घालून बसलेले बाबा. खुब्याच्या ऑपरेशनला आठ महिने होऊन गेले, डॉक्टर सांगून थकले, पण पडायच्या धास्तीने बाबा आईचा हात धरल्याशिवाय उभेसुद्धा राहत नसत. याहून पक्का बिंदू अख्ख्या गावात सापडला नसता.

पहिला गोल झकास झाला. बाबांनी हात हलवला. पण विमान घरामागे गेलं की त्यांना ते दिसेनासं व्हायचं. दुसऱ्या गोलात ते खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून वळवून बघत राहिले. तिसऱ्या गोलात तिने खाली पाहिलं, तर खुर्ची रिकामी! ती वाकून त्यांना शोधू लागली आणि विमान भरकटलं.

"बिंदू सोडलास," परीक्षक म्हणाले.

"मी नाही सोडला, सर, बिंदूच उठला! ते बघा, घरामागे! माझे बाबा एकटे चालतायत!"

परीक्षकांनी तिच्या बाजूला वाकून पाहिलं. लाल स्वेटर परसात पोचला होता आणि आई मागून धावत होती.

"पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. "आणि आता उलट्या दिशेने मार. त्यांना खुर्चीपर्यंत परतही आणायला हवं ना!"