नावावरची पट्टी

"नाव झाकूनच फिल्म वाच, पोरी. नाव दिसलं की डोळे खोटं बोलतात." सर्जन बाबांचं हे सांगणं रेडिओलॉजिस्ट झाल्यावरही तिने व्रतासारखं पाळलं होतं.

आजही नावावर पट्टी ठेवून तिने मेंदूची फिल्म उजेडात धरली. रक्तवाहिन्यांभोवतीच्या पाणी भरलेल्या फटी जागोजाग रुंदावल्या होत्या. सोबतच्या कागदावर तक्रार होती, ‘बोटं मधेच ऐकेनाशी होतात.’

"मेंदू कसला, चाळण झालीय नुसती!" तंत्रज्ञ हसला. "ह्यांच्या हाती चहाचा कपसुद्धा देऊ नका, बाई."

अहवालावर सही करून तिने पट्टी उचलली. खाली बाबांचं नाव होतं.

"माझं असं काही दिसलं, तर हातातली सुरी तूच काढून घ्यायची," हे वचन त्यांनी केव्हाच घेतलं होतं.

बाबांच्या ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा नुकताच लागला होता. अहवाल घेऊन ती तिकडे निघाली.