तोंडातल्या टाचण्या

सकाळपासून हॉलमागच्या खोलीत मी कुणाची कंबर आत घेतेय, कुणाचा लोळणारा घेर वर टाचतेय. दोन्ही हात कापडात अडकलेले, म्हणून टाचण्या ओठांत धरायच्या, ही माझी चाळीस वर्षांची सवय. त्यामुळे कामात असताना मला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. आज वस्तीतल्या चार वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी नाचायचा दिवस. साठीपुढच्या बायकांत यंदा मीही होते. तीन महिने गुडघ्यांना तेल चोळून तालमी केल्या होत्या. आमचं नाव पुकारलं. हातातला घेर संपवून उठणार, तोच धाकटी नणंद एका रडक्या चिमुरडीला घेऊन आली. पोरीचा झगा खांद्यापासून उसवला होता. “वहिनी, हिचा नंबर तुमच्या गटानंतर लगेच आहे. एवढं एक कर, तुझ्या जागी मी उभी राहते. तालमी बघून बघून पाठ झालंय मला. चालेल ना?” माझ्या ओठांत पाच टाचण्या होत्या. “गुणाची गं माझी वहिनी!” म्हणत तिने माझ्या खांद्यावरची लाल ओढणी काढून घेतली आणि ती पळाली. मी एकेक टाचणी काढून मनगटाला बांधलेल्या छोट्या उशीत खोचली. पाचवी निघाली तेव्हा बाहेर आमचं गाणं सुरू झालं होतं. “नाही चालणार,” मी म्हणाले. चिमुरडी दचकून मागे सरकली. “हलू नकोस, बाळा,” तिच्या उसवलेल्या खांद्याला टाचणी लावत मी म्हटलं, “टोचेल.”