उतरलेलं पोट

वेशीत जीप थांबली आणि रुद्राणीनं छातीखाली खोचलेली जुन्या लुगड्याची घडी घाईघाईनं वर सरकवली. अप्पा आले! एकदाचे आले! आता घटकाभर निभावलं की सुटली, मग थेट माहेरी, अव्वाच्या दारात.

निभावायचं होतं ते पोट. पहाटे ती उठली तर छातीवरचं ओझं गेलेलं. किती दिवस अडकलेला श्वास मोकळा झाला होता. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी एरवी पोटाच्या उंचवट्यावर टेकून असायची, ती आज अधांतरी लोंबत होती. जांघेत मात्र धोंडा ठेवल्यासारखं जड. पहिलटकरीण असली तरी एवढं तिला कळलं. बाळाचं डोकं खाली येऊन कमरेत बसलं होतं. पोट उतरलं होतं.

आणि या घरची रीत उभ्या किल्लारीला ठाऊक. पोट उतरलेल्या बाईनं गावची शीव ओलांडायची नाही. असेल तिथंच बाळंत व्हायचं.

सासरी तिला कुणी छळत होतं अशातला भाग नव्हता. सासू शरणम्मा तोंडाची फटकळ, पण सुनेच्या ताटात वाढताना हात आखडला नाही कधी. तरी पहिलं बाळंतपण आईजवळ नको का? कळ आली की धरायला अव्वाचा हात नको? अप्पा सातव्या महिन्यात न्यायला यायचे, ते नवव्यात उगवले. आधी म्हणे बैल आजारी, मग म्हणे लग्नसराई. पोरीचे डोळे वाटेला लागले, आणि अप्पा आले तर हे बाळ असं घाईचं! म्हणून तिनं मोकळ्या झालेल्या जागेत घडी खोचली आणि डबी वर नीट टेकवली. चालताना पाय फाकवायचे नाहीत, असं स्वतःलाच दहादा बजावलं.

अप्पा, म्हणजे वीरण्णा, ओसरीवर टेकले. कंधारपासून उन्हातून आलेला माणूस. तांब्याभर पाणी त्यांनी घटाघटा संपवलं आणि रिकामा तांब्या तसाच हातात धरून बसले.

"तुमच्याकडं बरं हाय, ईनबाई. पाणी तरी हाय."

"कशाचं बरं, पावणं!" शरणम्मा म्हणाली. "नवा जिल्हा झालाय म्हणून लातूरवरनं टँकर येतंय. त्याच्यावरबी रोज भांडणं. बरं, पोरीला न्यायला आलाव न्हवं?"

"हाव." वीरण्णा पोरीच्या तोंडाकडं बघायचं सोडून पोटाकडंच बघत होते. "पर तुमच्यात रीत हाय म्हणतेत. आधी तपासून घ्या की."

दाराशी उभ्या रुद्राणीनं पदर पोटावर ओढून घेतला. अप्पांना कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला!

शरणम्मानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि पोटावरून हात फिरवला. हात घडीपाशी थांबला. मग ओटीपोटाशी गेला, तिथं दाबून बघितलं. डोकं जागचं हललं नाही.

"कवापासनं?"

"पहाटंपासनं." रुद्राणीनं सासूचं मनगट घट्ट धरलं. तिला रडूच फुटलं. "आत्या, पाया पडते. अव्वाकडं जाऊ द्या मला."

शरणम्मा तिच्याकडं बघत राहिली. आता ओरडणार, आता बाहेर जाऊन सांगणार. रुद्राणीनं डोळे मिटून घेतले. तर सासूचा हात आला आणि त्यानं घडी आणखी वर दाबून बसवली.

"नीट खोच की. बाहीर दिसायलंय."

एवढं बोलून शरणम्मा ओसरीवर गेली. "वर हाय अजून. न्या खुशाल. जीप तेवढी हळू हाणायला सांगा."

रुद्राणी आत बोचकं बांधू लागली. आनंदाच्या घाईत गाठ काही बसेना. आता अप्पा हसतील, हाक मारतील. पण ओसरीवरून वीरण्णांचा दबका आवाज आला.

"ईनबाई, उतरलंय म्हणा. हात जोडतो तुमाला."

"म्हंजी?"

"आमच्या हिरीत चिखलबी उरला न्हाई. हिची माय मन्याड नदीच्या वाळूत झिरा उकरून दिसभर बसायली, तवा वाटीवाटीनं एक घागर भरायली. बाळंतिणीला न्हायाला पाणी कुठनं आणू? बैल न् लग्न, समदी निमित्तं काढली. आता न्हेत न्हाई असं लेकीला कोणत्या तोंडानं सांगू?"

रुद्राणीच्या हातातली गाठ सुटली. वाळूत बसलेली अव्वा तिला दिसली. मग बोचकं तिथंच टाकून ती उंबऱ्यात आली.

"अप्पा, म्या न्हाई येत. पोट उतरलंय माझं. पहाटंच उतरलंय."

शरणम्मानं मान खाली घातली. वीरण्णांनी लेकीच्या छातीपर्यंत चढलेल्या पोटाकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. एकट्यानंच परत जायचं म्हणून त्यांनी पायात वहाणा सरकवल्या, जीपवाल्याला हातानंच निघायची खूण केली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ईनबाईनं आत्ताच तपासलंय की गं. बापासाठी लबाड बोलायलीस व्हय, माय?"