लंबूचे लाल बूट

"पाठ फिरवून बोलायची तुझी खोड एक दिवस महागात पडेल," आई म्हणाली होती.

"अगं आई, गाणारीनं लोकांकडेच तोंड करायचं असतं," म्हणत तिनं माइक पिशवीत कोंबला आणि ती सरावाला पळाली.

रविवारी लंबूच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना बंद असायचा. तिथंच चार मित्रांचा बँड जमायचा. बँडचं नाव 'भुसा', कारण घरी जाताना तो सगळ्यांच्या केसांत असायचा. पुढे ती गायला. तिच्या मागे कपाटाएवढा स्पीकर, त्याच्या मागे ड्रमवर ठोक्या. एका बाजूला गिटारवाला, दुसऱ्या बाजूला बेस वाजवणारी लंबू. ठोक्याचं आणि या गाणारीचं जमलंय, हे लंबूच्या वडिलांनाही ठाऊक होतं.

बँडच्या पाचव्या महिन्यात तिनं गाता गाता सहज स्पीकरच्या कडेनं मागे डोकावून पाहिलं. ठोक्या लंबूच्या पायांकडे बघत होता. लाल बूट. लंबूनं टाच आपटली की हा हसून काठ्या उचलायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हल्ली तो तिच्या हाकेला ओ देईनासा झाला होता. फोन उचलायचा नाही, मेसेज मात्र लगेच करायचा. पाणी कुठं मुरतंय, ते तिला कळून चुकलं.

तिनंही लाल बूट घेतले. लंबूच्या बुटांहून भारी. ठोक्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय गं, आग विझवायला निघालीस?" गिटारवाला म्हणाला. लंबू खळखळून हसली. आग खरी त्या हसण्यानंच लागली.

आठव्या महिन्यात एकदा सराव संपल्यावर लंबू आणि गिटारवाला चहा आणायला गेले. भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून ती ठोक्याकडे पाठ करून माइकची वायर गुंडाळत होती.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "ती की मी?"

ठोक्या शांतपणे ड्रमचे स्क्रू सैल करत राहिला. तिनं वायरीची सहा वेटोळी घातली. तेवढा वेळ दिला त्याला. मग वायर तिथंच टाकून निघाली. 'भुसा' पुन्हा कधी वाजला नाही.

सात वर्षांनी ती दहा महिन्यांच्या लेकीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दार आपटलं तरी पोर झोपेतून हलत नाही, हा तिच्या जिवाला घोर. डॉक्टरांनी लेकीच्या पाठीमागे घंटी वाजवली. पोर गर्रकन वळली.

हुश्श करत ती बाहेर आली, तर बाकावर पाठमोरा ठोक्या. तिनं हाक मारली. दोनदा. शेवटी समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या हातात कानाचं बिघडलेलं यंत्र होतं. बोलताना तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"तेव्हापासून?" तिनं विचारलं.

"तेव्हापासूनच. बँडमधून काढाल म्हणून बोललो नाही. तू पाठमोरी, मधे स्पीकर. लंबूच्या टाचेवर ठेका धरायचो." त्यानं यंत्र खिशात टाकलं. "पण तू त्या दिवशी एक शब्दही न बोलता का निघून गेलीस गं?"

हाकेला ओ न देणारं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल. संशय घ्यायच्या आधी, आजच त्याच्या पाठीमागे उभं राहून एक टाळी वाजवून बघा.