कौलांवरचा प्रेक्षक

दिघाशीत टीव्ही एकट्या सरपंचांकडे होता, तेव्हा दर रविवारी अंतराळयानाची मालिका लागली की नामा कौलांवर चढून अँटेना धरून बसायचा. हात सोडला की पडद्यावर मुंग्या यायच्या. "दिसतंय का?" तो वरून विचारायचा. ओटीवरून बायको ओरडायची, "न्हाय! जरा नदीकडं फिरवा!" सगळ्या गावानं मालिका पाहिली, नामानं नुसती ऐकली. चाळीस वर्षांनी तीच मालिका नव्यानं उजळून भिवंडीच्या थिएटरात लागली, म्हणून नातीनं दोघांना दुपारच्या खेळाला आणलं. अंधारात केवढा तो निळा ग्रह उगवला! आवाज ओळखीचे, चेहरे मात्र नामा पहिल्यांदाच बघत होता. यान ताऱ्यांत शिरलं, पडदा क्षणभर लुकलुकला आणि त्याचा हात आपोआप वर गेला. "दिसतंय का?" तो पुटपुटला. बायकोनं तो हात अलगद मांडीवर घेतला. "लख्ख दिसतंय. उतरा आता खाली."