रुद्रघोषची तोफ

विनाशाचं मोजमाप करणं हे माणसावर पडणारं सर्वांत मोठं जबाबदारीचं काम आहे, असं शंतनु तलाठ्यानं वाचकांच्या ग्रुपवर लिहिलं. तीनशे अकरा जणांनी ते वाचलं. वाद चालला होता तो एका यानाच्या तोफेबद्दल, आणि ते यान कुठंच अस्तित्वात नव्हतं.

यानाचं नाव रुद्रघोष. मोबाईलवर दर शनिवारी एक भाग येणाऱ्या अंतराळ-कादंबरीतलं. नवव्या भागात ते परग्रहावरच्या एका वस्तीवर तोफ डागतं. लेखकानं एवढंच लिहिलं होतं : छपरं उडाली, भिंती वाकल्या, माणसं पळाली. एवढ्यावरून तोफेची ताकद काढायची होती. शंतनुच्या हिशेबानं ती एका दमात अख्खी पाथरी साफ करू शकत होती. पुण्याची निकिता म्हणायची, माणसं पळाली म्हणजे जिवंत राहिली. ही तोफ म्हणजे मोठ्या आकाराचा कुकर आहे.

तीन आठवडे झाल्यावर तिनं विचारलं, "तलाठीसाहेब, उडालेलं छप्पर तुम्ही कधी जवळून पाहिलंय का?"

हे शंतनुला लागलं. सतरा वर्षांत त्यानं पडझडीचे शेकडो पंचनामे केले होते, पण मोटारसायकलवरून कधी उतरला नव्हता.

त्याच आठवड्यात झरीजवळच्या एका वस्तीवर वादळ झालं. चौदा घरांचे पत्रे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल सटवाजी फाईल घेऊन मागे बसला. वस्तीवर पोचल्यावर शंतनु गाडीवरून उतरला. साहेबांना आडोशाला जायचं असेल, असं सटवाजीला वाटलं. शंतनुनं डिकीतून टेप काढला.

पहिलं घर मालनबाईचं. चार भिंती, त्यातली एक बाहेर झुकलेली, वर आभाळ. सटवाजीनं नेहमीसारखी आधी घडी घातलेल्या कागदाच्या तळाशी तिची सही घेतली. तिनं एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. नऊ दिवसांची बाळंतीण सून लेकराला घेऊन शाळेच्या ओट्यावर होती. मालनबाईला सरकारचा नियम पाठ होता. पडझड पंधरा टक्क्यांच्या खाली लिहिली की मदत मिळत नाही, आणि मदत नाही तर पत्रे नाहीत.

"पंधराच्या वर लिवा, साहेब," ती म्हणाली. "वाढवून नगं. जे हाय तेच लिवा."

"जे आहे तेच बघायला आलोय, मावशी."

आणि तो बघायला लागला. एक पत्रा ओढ्यापलीकडं बाभळीत अडकला होता. टेप पन्नास फुटांचा, पाच वेळा टाकावा लागला : दोनशे बारा फूट. पत्र्याचे हुक ओढून सरळ झालेले. त्यातला एक त्यानं रुमालात बांधून घेतला. पत्रा उडू नये म्हणून वर जुन्या जात्याची तळी ठेवलेली होती. किराणा दुकानातून काटा मागवून त्यानं ती तोलली. एकवीस किलो.

ती कुठं पडली, त्यानं विचारलं.

"माज्या खांद्याला घासून चुलीवर."

शंतनुनं नेमकी जागा दाखवायला सांगितली. तिला तिथं उभं केलं, तळी पायाशी ठेवली, आणि खांद्याची पट्टी दिसावी म्हणून जरा वळायला लावून फोटो काढला. आधी आवाज आला की आधी हवा, हेही विचारलं.

मालनबाईनं आठवून पाहिलं. "आवाज न्हाई आला, साहेब. कानच बंद झाले. मंग वर बगितलं तर घर न्हाई."

शंतनुनं हे शब्द जसेच्या तसे उतरवले.

दोन तास तो त्या घरापाशी होता. बाकीच्या तेरा घरांची माणसं लांबून बघत होती. असला साहेब त्यांनी पाहिला नव्हता. मालनबाईची चूल फुटली होती, म्हणून कुणीतरी आपल्या घरून चहा आणला.

"किती धरलं, साहेब?" निघताना तिनं विचारलं.

"यात उरलंय काय, मावशी? संपूर्ण विध्वंस. शंभर टक्के."

विध्वंस तिला नीट कळला नाही, शंभर कळले. ती जात्याच्या तळीवर बसली.

"कवा पाठवताव?"

"आजच."

सटवाजी उरलेल्या घरांच्या सह्या घेऊन आला. परतीच्या वाटेवर त्यानं मांडीवरची फाईल एकदा उघडून मिटली. मग म्हणाला, "साहेब, शंभर म्हणलाव. मंग ह्या कागदांचं काय करू?"

"देऊन टाक तहसीलला," शंतनु म्हणाला. तो मनात गुणाकार करत होता.

घरी बायकोनं, हेमानं, वाढलेलं ताट निवून गेलं. शंतनु लिहीत बसला. पत्र्याचं अंतर, तळीचं वजन, हुकाचा फोटो, ओढ्याचा नकाशा, मालनबाईची वाक्यं. चार पानं झाली. सतरा वर्षांत त्यानं इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीखाली त्यानं दोनदा रेघ ओढली : विनाश शंभर टक्के. आठच्या आत अहवाल पाठवला.

सव्वाआठला उत्तर आलं.

"मान्य," निकितानं लिहिलं होतं. "रुद्रघोषची तोफ खरंच भयंकर आहे. इतका प्रामाणिक अहवाल या ग्रुपवर कधी आला नव्हता."

खाली टाळ्यांची रांग लागली.

सरकारी पंचनामा दुपारीच तहसीलला पोचला होता. सटवाजीनं तो नेहमीसारखा सकाळी निघण्याआधीच भरून ठेवला होता, तेवढ्या सह्या बाकी होत्या. चौदा घरं, प्रत्येकी चौदा टक्के.