परवडणारी भानगड

"साहेब, बाई कोण आहे तेवढं सांगा," प्रचारप्रमुख म्हणाला आणि त्याने मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

फोटोत उमेदवार एका जुन्या इमारतीच्या मागच्या दारातून बाहेर पडत होता. काळा चष्मा, टोपी आणि रणरणत्या उन्हात गळ्याभोवती मफलर. असा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर प्रेमात असतो. विरोधकांनी दुसरा अर्थ काढला होता. फोटो सकाळपासून शहरभर फिरत होता. पाच वाजता पत्रकार घरी येणार होते.

"बाई नाहीये," उमेदवार म्हणाला. "तळमजल्यावर जुन्या वस्तू विकत घेणारं दुकान आहे. कॉफीचं मशीन विकायला गेलो होतो."

प्रचारप्रमुख हसला. मग त्याने उमेदवाराच्या बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"खरं आहे," ती म्हणाली. "पगाराला अजून आठवडा आहे."

आपण इतका वेळ इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून बसलोय, हे प्रचारप्रमुखाच्या आत्ता लक्षात आलं. खिडकीतून अर्धं शहर दिसत होतं. जेवणाचं टेबल मात्र कुठेच दिसत नव्हतं.

"टेबल पॉलिशला दिलंय म्हणाला होतात."

"त्याच दुकानात," उमेदवार म्हणाला.

उमेदवार एका बड्या कंपनीत अर्थविभागाचा प्रमुख. बायको भूलतज्ज्ञ, तिची वेळ मिळाल्याशिवाय मोठमोठे सर्जन ऑपरेशन ठरवत नसत. दोघांचे पगार ऐकले तर माणूस आदराने उठून उभा राहील. पगार एक तारखेला यायचे आणि वीसच्या आत जायचे. कुठे जायचे, ते बायकोला कधी कळलं नाही. हप्ते होते, शाळा होती, क्लब होता. सगळं धरलं तरी बरंच उरायला हवं होतं. उरत नव्हतं. पहिल्या आठवड्यात हौसेने घेतलेली वस्तू शेवटच्या आठवड्यात अर्ध्या किमतीला विकायची, अशी घराची रीतच पडली होती. आता निवडणुकीपायी घरही गहाण पडलं होतं. हरले तर तेही जाणार होतं.

भिंतीला टेकवलेल्या फलकावर नवरा-बायको हसत होते. खाली लिहिलं होतं, 'घर चालवलं, शहरही चालवू.' प्रचारप्रमुखाने फलक उलटा करून ठेवला.

"साहेब, स्पष्ट बोलतो. बाई असेल तर लोक चार दिवस चघळतात आणि विसरतात. मागच्या वेळी निवडून आले त्यांच्या तर दोन होत्या. दोघींनी प्रचार केला. पण अर्थविभागाचा साहेब घरचं टेबल विकतो म्हटल्यावर तुमचा ड्रायव्हरसुद्धा मत देणार नाही."

"त्याचा पगार थकलाय. तो तसाही देणार नाही," बायको म्हणाली.

"म्हणजे बाई लागणार," प्रचारप्रमुख म्हणाला. "होती, चूक झाली, संपलं, वहिनींनी माफ केलं. वहिनी, तुमची हरकत?"

बायकोने क्षणभर विचार केला. "खोटी आहे ना? मग चालेल. खोट्या बाईला खर्च नसतो."

प्रचारप्रमुख पत्रकार झाला. आवाज चढवून म्हणाला, "कुठे भेटलात?"

"लिफ्टमध्ये," उमेदवार म्हणाला. "तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकते ती. आतून दाराला लाथ मारावी लागते. कुठे मारायची ते तिला बरोबर माहीत होतं."

"वा! दिसायला?"

"साधी. चष्मा कपाळावर सरकवते आणि घरभर शोधत बसते."

"करते काय?"

"पियानो शिकवते. पियानो भाड्याचा आहे. भाडं..." तो थांबला. "भाडं मी भरायचो, असं म्हणू?"

"म्हणा की! पदरचे पैसे गेले म्हटलं की पश्चात्ताप वजनदार होतो." प्रचारप्रमुख भराभर लिहून घेत होता. "कमाल केलीत साहेब. मी उगाच लेखक बोलावणार होतो."

"दुकान तळमजल्यावर आहे," बायको म्हणाली.

"हो."

"मग लिफ्ट कशाला?"

"अगं, रचतोय मी. बाईला तळमजल्यावर कुठे ठेवू? तिथे दुकान आहे."

उत्तर बिनतोड होतं. बायकोने मनातल्या मनात पियानोचं भाडं धरलं. मग तिसऱ्या मजल्याचं भाडं. मग अधूनमधून हरवणारे चष्मे. इतकी वर्षं ज्या हिशेबापुढे तिने हात टेकले होते, तो पहिल्यांदाच जुळला. वर पैसासुद्धा उरला नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढतेय का हे बघायला ती पेशंटला मध्येच काहीतरी साधं विचारायची. काय उत्तर येतं याला महत्त्व नसे. किती लवकर येतं, ते ती बघायची.

"अरे, चिडली की काय करते ती?" तिने नवऱ्याला विचारलं.

"खिडक्या पुसते."

माणूस पूर्ण शुद्धीत होता.

"हे चालेल ना?" त्याने प्रचारप्रमुखाला विचारलं.

"चालेल? धावेल!"

खाली गाड्यांची दारं आपटली. पत्रकार वेळेआधीच आले होते. प्रचारप्रमुख घाईघाईने बायकोकडे वळला. "वहिनी, तुमचा एकच प्रश्न. तुम्हाला संशय कधी आला? तुम्ही म्हणायचं, कधीच नाही, आमचा संसार विश्वासावर उभा आहे. चला, म्हणून बघा. संशय कधी आला?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावर पश्चात्ताप आणत होता. छान जमत होता.

"आत्ता," ती म्हणाली.

प्रचारप्रमुखाचे डोळे चमकले. "वा वहिनी! हेच म्हणा. अगदी याच आवाजात. आणि डोळ्यांतलं ते पाणी कॅमेरा सुरू होईपर्यंत तसंच धरून ठेवा," असं म्हणत तो दार उघडायला धावला.